कारभाऱ्याचा पंधरावा थांबा

बारकीला साठी ओलांडून चार वर्षं झाली. दोन नातवंडांची आजी, गुडघे कुरकुरतात, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, तरी माहेरच्या माणसांना ती अजून बारकीच. नातवंडं तिच्याकडे घोड्याची गोष्ट मागतात आणि ती सांगते, चांगली रंगवून सांगते. घोड्याचं नाव कारभारी कसं पडलं, कपाळावरचा पांढरा ठिपका केवढा होता, पाणी पिताना त्याचे कान घोटागणिक कसे हलायचे, सगळं. फक्त गोष्ट शाळेच्या भिंतीपाशी आली की ती गुडघ्यावर हात टेकून उठते आणि म्हणते, थांबा रे, दूध उतू जाईल. दूध बहुतेक वेळा शेगडीवर नसतंच. नातवंडं वस्ताद, त्यांनी हे केव्हाच ओळखलंय, पण आजीला बोलणार कोण?

ती जी गोष्ट टाळून उठते, ती अशी.

त्या साली पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. थंडी सरता सरता वरच्या आळीतल्या विहिरी एकामागून एक आटल्या. आधी शिंप्याची, मग शाळेची, मग लोहाराच्या मागची. उरली ती खाली ओढ्याकाठची एकच मोठी विहीर, आणि तिथून वरच्या आळीपर्यंत छातीचा भाता करणारा चढ. बायका डोक्यावर वाहून वाहून किती वाहणार? मग गावाच्या कमिटीने दोन चाकांवर लोखंडी टाकी बसवून घेतली, मागे पितळेची तोटी लावली, आणि ओढायला बारकीच्या बाबांचा घोडा ठरवला. कामाच्या बदल्यात घराला धान्य आणि घोड्याला कमिटीच्या गंजीतला रोजचा चारा. दुष्काळात धान्यापेक्षा चाऱ्याची किंमत जास्त, कारण माणूस अर्धपोटी राहून हसू शकतो, जनावराला ते सोंग जमत नाही. चारा गाडीबरोबर, हा मुकादमाचा नियम होता. पाणीवाटपाचा सगळा बंदोबस्त त्याच्याकडे. जो गाडी हाकेल, त्याच्याच जनावराला चारा.

घोड्याचं नाव आईने ठेवलेलं. घोडा घरात आला तेव्हा बारकी जन्मलीसुद्धा नव्हती. बाबा उठल्यापासून त्याच्याच मागे असायचे. खरारा करा, तोबरा बांधा, नाल बघा. आई म्हणाली, आता या घरात दोन कारभारी झाले; एक खातो आणि बोलतो, दुसरा खातो आणि गप्प उभा राहतो, मला आपला दुसरा बरा वाटतो. तेव्हापासून घोडा कारभारी झाला, आणि बाबा नुसते बाबा राहिले.

बारकी उभी राहायला शिकली तीच त्याचा पाय धरून. तबेला म्हणजे काय, घराच्या भिंतीला टेकवलेलं एक गवती छप्पर. पण आईचा मार खाल्ला की ती तिथे जाऊन बसायची, आणि कारभारी मान खाली घालून तिच्या मानेवर ऊन ऊन श्वास सोडायचा. त्या श्वासाला भिजल्या हरभऱ्यांचा वास यायचा. कुणालाही कानाला हात लावू द्यायचा नाही, हिला लावू द्यायचा. अशा जनावरावर जीव जडला नाही तर नवल. जडला, आणि असा जडला की पुढे नवरा झाला, मुलं झाली, तरी ती जागा कुणाला पुरती भरता आली नाही. हे तिने नवऱ्याला एकदा तोंडावर सांगितलं होतं, तो बिचारा हसला.

बाबांच्या डोळ्यांचं आधी आईला कळलं. नालाचा खिळा जमिनीवर पडला होता आणि बाबा त्याच्या शेजारची माती चाचपत होते. आईने खिळा उचलून त्यांच्या हातात ठेवला. त्यानंतर मोठ्या दवाखान्यात जाऊन आले, डॉक्टर म्हणाले आतली नसच वाळत चाललीय, इलाज नाही. पाण्याची गाडी सुरू झाली त्या उन्हाळ्यात बाबांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

आईने बारकीला समोर बसवलं. बारकी तेव्हा दहा वर्षांची. आई म्हणाली, बाहेर कळलं तर मुकादम दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस लावील. गाडी गेली की चारा गेला. चारा गेला की कारभारी गेला. तिने हे तिन्ही एकापाठोपाठ सांगितलं आणि विचारलं, शिरलं का डोक्यात? बारकीने मान हलवली. मग आता तोंड शिवून टाक, आई म्हणाली.

गाडी हाकायला डोळे लागतात असं लोकांना वाटतं. कारभारी पुढे असला की ते लागत नव्हते. विहिरीपासून आळीच्या टोकापर्यंत चौदा थांबे होते आणि चौदाही त्याला पाठ. लगाम ओढावा लागत नव्हता, तोंडाने चुचकारावं लागत नव्हतं. तो असा थांबायचा की मागची तोटी बरोब्बर उंबऱ्याच्या दगडाशी यायची, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. बाबा तळहात दांडीवरून चाकावर, चाकावरून टाकीवर सरकवत तोटीपाशी यायचे. लोकांना वाटायचं, माणूस टाकी तपासत चाललाय. बाई पुढे करील ती घागर धरायची आणि तोटी सोडायची. रिकाम्या घागरीत पाण्याचा आवाज जाड असतो, भरत आली की बारीक होत जातो. काठाला दोन बोटं उरली की बाबांचा हात तोटीवर पडायचा. थेंब सांडायचा नाही. बायका एकमेकींना म्हणायच्या, नजर बघा माणसाची! घरी येऊन आई याची नक्कल करायची आणि तिघंही हसून हसून लोळायची. इतकं हसू त्या घरात पुढे कधी आलं नाही.

चौदांपैकी आठवा थांबा निराळा होता. तिथे एक म्हातारी एकटी राहायची, तिला ऐकू कमी आणि उठवत तर त्याहून कमी. तिच्या दारात कमरेएवढा रांजण जमिनीत अर्धा पुरलेला होता, झाकण काढून ठेवलेला. तिथे घागर धरायला कुणी नसायचं. कारभारी तोटी रांजणाच्या तोंडावर आणून थांबायचा, बाबा नुसती तोटी सोडायचे आणि रांजणाचा घुमता आवाज ऐकत उभे राहायचे.

एका बाबतीत मात्र निभावत नव्हतं, ते म्हणजे नमस्काराच्या. रस्त्याने समोरून माणूस येतोय आणि बाबा त्याच्याकडे न बघता पुढे चाललेत, हे किती दिवस खपणार? एकदा तर खुद्द मुकादमालाच ओलांडून गेले. तो चारचौघांत म्हणाला, पाणी वाटायला लागल्यापासून याची मान ताठ झालीय. हे आईच्या कानावर आलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिने बारकीला टाकीवर चढवून बसवलं. बारकीचं काम एकच, समोर दिसेल त्याला मोठ्याने हाक मारायची. मुकादमकाका, टोपी नवी का हो? की बाबा लगेच म्हणायचे, शोभतेय बरं का टोपी. शिंपीणकाकू, हाताला पट्टी कसली? की बाबा म्हणायचे, अगं तेच विचारणार होतो मी. आळीने तिचं नाव भोंगा ठेवलं. ठेवू दे. भोंगा वाजत होता तोवर चारा येत होता.

ऊन वाढत गेलं तसा कारभारी उतरायला लागला. चारा होता, पण कामाच्या मानाने तो कुठे पुरणार? बरगड्या मोजता यायला लागल्या. छातीच्या पट्ट्याखाली कातडं घासून लाल झालं, आई तिथे तेलात बुडवलेली चिंधी बांधायची. सातवा थांबा शिंप्याचा, त्याच्यानंतर खरा चढ लागायचा. तिथे बाबा मागे जाऊन टाकीला खांदा लावायचे, मान खाली घालून रेटायचे. बारकी खाली उतरून कारभाऱ्याच्या तोंडाशी चालायची. चढाच्या मध्यावर डाव्या हाताला शाळेची लांब भिंत होती आणि तिच्या बुडाशी सावलीची एक पट्टी. सगळ्या वाटेवर तेवढीच सावली. तिथून म्हातारीचा रांजण चाळीस पावलं.

एके दिवशी तिला राहवलं नाही. तिने त्याला सावलीत थांबवलं आणि फ्रॉकच्या खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या ओठांपाशी धरला. मागून बाबांनी विचारलं, का गं थांबला? ती म्हणाली, दम घेतोय. बाबा म्हणाले, घेऊ दे.

गूळ आईच्या डब्यातला, आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवायचा म्हणून आईने डबा वर फळीवर ठेवलेला. चोरी ती चोरी, पण रोजची झाली. पंधरा दिवसांत असं झालं की बारकीला लगाम धरावाच लागेना. भिंतीपाशी आलं की कारभारी आपण होऊन थांबायचा, मान वळवायचा आणि मऊ ओठांनी तिचा खिसा चाचपायचा. तिला झालेल्या आनंदाचं काय सांगावं! चौदा थांबे सगळ्या गावाचे होते. हा पंधरावा तिचा एकटीचा होता, आणि तो कारभाऱ्याने पाठ केला होता.

एकदा आईने तिला डब्यात हात घालताना धरलं. उंदीर परवडला, म्हणाली, आणि एक ठेवून दिली. बारकीने गाल चोळला आणि पोरगी खादाड आहे असं आईला वाटू दिलं. घोड्याला देते म्हटलं असतं तर दुसरी बसली असती.

मग कुणीतरी मुकादमाकडे गाऱ्हाणं नेलं, पोरीचे धुळीचे पाय टाकीच्या झाकणाला लागतात, तेच पाणी आम्ही पितो. गाऱ्हाण्यात खोटं काही नव्हतं. मुकादम संध्याकाळी दारात येऊन सांगून गेला, उद्यापासून पोर टाकीवर नको, परीक्षा जवळ आलीय, शाळेत बसू दे तिला. जाता जाता म्हणाला, आणि उद्या एक फेरी मी बरोबर येतो, कुणाकडे किती पाणी जातंय ते एकदा डोळ्यांखालून घालतो.

तो गेल्यावर आईने दार लावून घेतलं. मग बाबा म्हणाले, एवढं काय घाबरायचं? कारभारी आहे ना पुढे. आईने भाजी निवडता निवडता बाबांकडून थांबे म्हणून घेतले, पाढे म्हणून घ्यावेत तसे. कोण बाई कळशी आणते, कोण हंडा, कुणाच्या दारात पायरी उंच आहे. सात शिंपी, आठ रांजण, नऊ लोहार.

तेव्हाच बारकीच्या ओठांवर आलं होतं, की बाबा, सात आणि आठच्या मध्ये आणखी एक आहे, तिथे तो आता आपण होऊन थांबतो. पण वर फळीवर गुळाचा डबा दिसत होता आणि चोळलेला गाल अजून आठवत होता. शिवाय तिने आपली समजूत घातली, उद्या मी तिथे नसेनच, मग तो थांबेल कशाला? थांबतो तो माझ्यासाठी. दहा वर्षांच्या पोरीला हे अगदी पटलं. सकाळी शाळेला निघताना मात्र सवयीने हात डब्यात गेला आणि गुळाचा खडा खिशात पडला.

वर्गात तिची जागा रस्त्याकडच्या खिडकीशी. मास्तर फळ्यावर गणित लिहीत होते. आधी चाकाची कुरकूर आली, मग टापा. बारकी बाहेर बघत नव्हती, वहीत डोकं घालून बसली होती. कुरकूर खिडकीखाली आली आणि थांबली.

तिने मान वर केली. कारभारी भिंतीच्या सावलीत उभा होता, खिडकीपासून हातभर. त्याने मान वळवून रोजच्या जागी बघितलं, तिथे ती नव्हती. मग त्याने कान टवकारले, तोंड वर केलं आणि नाकपुड्या फुगवून फुरफुरला. तिच्या वहीवर त्याच्या श्वासाने उडालेली धूळ आली. मागे मुकादम टोपी काढून घाम पुसत होता. आणि त्याच्या पुढे बाबांनी टाकीला लावलेला खांदा काढला होता. त्यांचा तळहात चाकावर आला.

बारकीला कळलं. बाबांनी सात मोजले होते, आता त्यांच्या हिशेबात आठवा होता, रांजण होता.

ओरडावं, तर काय ओरडावं? बाबा, इथे नाही, एवढं म्हटलं की सगळ्या वर्गाला कळणार, मुकादमाला कळणार. आणि न ओरडावं तर हे समोर होतंच आहे. तळहात चाकावरून टाकीवर आला, टाकीवरून सरकत तोटीवर आला. वेळ होता. हेच ती पुढे कुणाला सांगू शकली नाही, की वेळ होता, तिने तोंड उघडलंही होतं, आणि आईने शिवून टाकायला सांगितलेलं तोंड ऐन वेळी खरंच शिवल्यासारखं झालं.

तोटी सुटली. घुमता आवाज आलाच नाही, नुसता तापलेल्या मातीवर पाणी पडल्याचा चरचरता आवाज आला. बाबांनी एका श्वासात तोटी बंद केली. तेवढ्यावर थांबले असते तरी काहीतरी सावरता आलं असतं. पण गोंधळलेला माणूस, ते खाली वाकले आणि रांजण शोधायला लागले. हात चिखलात गेला. तिथून उजवीकडे, तिथून डावीकडे. पोरं खिडक्यांना लटकली. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा वर्ग हसला. त्या हसण्यात मास्तरांनी छडी आपटल्याचा आवाजही बुडून गेला.

मुकादम हसला नाही. त्याने पुढे होऊन बाबांचा दंड धरला आणि त्यांना उभं केलं. हळू आवाजात विचारलं, किती दिवस झाले? बाबांनी सांगितलं. मुकादम म्हणाला, आणि घोडाही म्हातारा झाला तुझा, भलतीकडे उभा राहिला.

चिखलाचा हात कुठे पुसावा हे बाबांना कळत नव्हतं. ते तो हात अंगापासून लांब धरून उभे होते. "कारभारी कधी चुकला नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आज चुकला."

कारभारी अजून खिडकीकडेच बघत होता. बारकीच्या खिशात खडा होता, मुठीत धरून धरून चिकट झालेला. तिने तो दिला नाही. त्या ओल्या मातीचा चिखल नंतर शिंपीण घमेल्यात भरून घेऊन गेली, चुलीला लिंपायला, तेवढाच वाया गेला नाही.

मुकादम वाईट माणूस नव्हता. रहाट ओढायला डोळे लागत नाहीत म्हणाला, आणि खालच्या विहिरीवर बाबांना टाकी भरून द्यायचं काम दिलं. घरची चूल बंद पडली नाही. पण गाडी ज्याला मिळाली त्याची स्वतःची खेचरं होती, आणि चारा गाडीबरोबर. पहिल्या दिवशी आईने घरातलं होतं ते पुढे टाकलं. दुसऱ्या दिवशी ती तबेल्याच्या छपरावर चढली आणि तिथलं जुनं गवत उपसून खाली टाकायला लागली. कारभारी आपलंच छप्पर खात उभा होता. पाच दिवसांत त्याच्या पाठीवर ऊन पडायला लागलं.

सहाव्या दिवशी डोंगरापलीकडचा चुनेवाला आला. त्याची चुन्याची घाणी होती. गोल चरात दगडी चाक फिरतं, चाकाला घोडा जुंपायचा, चुना मळून निघतो. त्याच्याकडे चारा भरपूर होता. त्याने कारभाऱ्याचे दात बघितले, खूर बघितले, घासलेल्या कातड्यावर बोट ठेवून बघितलं. बाबांनी त्याला एकच गोष्ट विचारली.

"डोळे बांधता का त्याचे?"

"बांधावेच लागतात. गोल फिरून घेरी येते जनावराला."

बाबा हसले. "मग बरं. कसं चालायचं ते सांगतो त्याला." त्यांनी कारभाऱ्याच्या मानेवर हात टाकला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुष्कळ वेळ काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते बारकीला ऐकू आलं नाही, पण कारभाऱ्याने तेवढा वेळ कान हलवला नाही.

निघताना आईने फळीवरचा डबा काढला. आत उरला होता तो सगळा गूळ फडक्यात बांधला आणि गाठोडं बारकीच्या हातात दिलं.  गूळ कुठे जायचा ते आईला केव्हा कळलं होतं कोण जाणे.

चुनेवाल्याची वाट आळीतूनच वर जात होती. तो पुढे लगाम धरून, बाबा मानेवर हात ठेवून, मागे बारकी. टाकी नव्हती, ओझं नव्हतं, तरी कारभारी त्याच चालीने चालला, आणि पहिल्या दाराशी थांबला. चुनेवाल्याने ओढलं, तो थोडं थांबून निघाला. दुसऱ्या दाराशी पुन्हा तसंच. शिंप्यापर्यंत असंच चाललं, मग चढ लागला आणि शाळेची भिंत आली. कारभारी सावलीत उभा राहिला, आणि इथून काही केल्या हलेना. चुनेवाला ओढून थकला, चुचकारून थकला, शेवटी त्याने काठी उचलली आणि बाबांचं तोंड बघून खाली घेतली.

बाबा म्हणाले, "बारकी, तूच सांग त्याला."

तिने फडकं सोडलं. कारभाऱ्याने सगळा गूळ खाल्ला, घाईने नाही, एकेक खडा निवडून, आणि नंतर तिचा तळहात चाटत राहिला. ती त्याच्या ठिपक्याला कपाळ लावून उभी होती. कितीही उभं राहिलं तरी शेवटी ते तिलाच म्हणावं लागणार होतं. आयुष्यात तिने पुष्कळ कठीण गोष्टी केल्या, आईला पोचवून आली, नवऱ्याला पोचवून आली, पण त्या एका शब्दाएवढं जड तिने काही उचललं नाही.

"चल," ती म्हणाली.

आणि तो निघाला. तिने सांगितलं म्हणून निघाला. रांजणापाशी थांबला, लोहारापाशी थांबला, पुढच्या प्रत्येक दाराशी थांबला. टापा ऐकून सवयीने बायका घागरी घेऊन बाहेर येत होत्या, आणि रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन तशाच उभ्या राहत होत्या. चुनेवाला शहाणा निघाला, त्याने ओढणं सोडून दिलं. चौदावा थांबा झाला आणि वळणाआड कारभारी दिसेनासा झाला. वळणापलीकडे त्याला थांबायला जागा नव्हती. घाणीला थांबा नसतो.

त्यानंतर तो चार वर्षं जगला, असं चुनेवाल्याने कुणाच्या तरी हाती कळवलं. बघायला जाऊ या, असं बारकी दर सुट्टीत म्हणायची. बाबा म्हणायचे, नको, तो बरोबर निघून येईल आपल्यामागे आणि पुन्हा चल म्हणावं लागेल.

बारकी पंचवीस वर्षांची होऊन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, आई बाळाला घेऊन आत झोपलेली. बाबा तबेल्यासमोर दोर वळत बसले होते. डोळ्यांतला उजेडही आता गेला होता, पण दोर असा वळायचे की गाठ सापडू नये. बारकी त्यांच्या शेजारी बसली आणि तिने सांगून टाकलं. गूळ, सावली, पंधरावा थांबा, खिडकी; वेळ होता, एवढं सोडून सगळं. कारभारी म्हातारा होऊन चुकला नव्हता, मी त्याला शिकवलं होतं.

बाबांचे हात थांबले नाहीत. "गुळाचं ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तोंडाला वास यायचा त्याच्या."

 मग तोटी का सोडलीत, बारकीने विचारलं.

"तू शाळेत गेलेलीस. तू नाहीस म्हणजे तो मध्ये थांबायचा नाही, असं धरून चाललो मी. थांबला, तेव्हा वाटलं रांजणच आला."

"मलाही तसंच वाटलं होतं, बाबा. मी नाही म्हणजे तो थांबणार नाही."

बाबांनी दोराला दोन पीळ दिले. मग विचारलं, "तुझी खिडकी किती लांब होती गं भिंतीपासून?"

"लांब कुठली? भिंतीतच होती. हात बाहेर काढला असता तर त्याच्या नाकाला लागला असता."

"आणि गूळ होता तुझ्याकडे?"

"होता. खिशात."

दोर त्यांच्या हातातून सुटला आणि पीळ उलगडत गेला. त्यांनी तो धरला नाही. "म्हणजे तो तुझ्यापाशीच थांबला होता," ते म्हणाले. "जिथे थांबायचं तिथेच थांबला होता. आणि मी त्याला चुकला म्हणालो. चारचौघांत म्हणालो. त्याने ऐकलं असेल."

 बारकीने त्यांचा हात धरला, त्यांनी तो थोपटला आणि सोडवून घेतला. मग ते भिंत धरून उठले, तळहात भिंतीवरून खांबावर, खांबावरून आडव्या दांडीवर सरकवत नेला, जिथे कारभाऱ्याची मान यायची तिथपर्यंत. आणि रोज खरारा करताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "कारभारी, माझंच चुकलं रे."

तबेल्यात वरपर्यंत सरपण रचलेलं होतं.